अस्थिपोलाद

युद्धाच्या एकोणिसाव्या दिवशी ‘वज्रगड’ या युद्धनौकेच्या डाव्या कुशीवर चौथे क्षेपणास्त्र आदळले. पहिले आदळले तेव्हा ते कवच फोडून आत घुसले होते आणि सात जण भाजले होते. दुसऱ्याने त्याच जागी नुसती भेग पाडली. तिसऱ्याने वाटीएवढा खळगा केला. चौथ्याने फक्त रंग उडवला आणि त्याचे तुकडे समुद्रात पडले. खलाशांनी डेकवर येऊन शिट्ट्या मारल्या.

त्या युद्धात लढून परतलेले जहाज निघाले होते त्यापेक्षा दणकट असे. ही करामत अस्थिपोलादाची होती, आणि ते पोलाद घडवणाऱ्या डॉ. वसुधा केळुसकर निरीक्षक म्हणून त्याच जहाजावर होत्या.

अस्थि म्हणजे हाड. हाड आपल्याला दगडासारखे निर्जीव वाटते, पण ते सतत बदलत असते. जिथे ताण पडतो तिथे ते जाड होते, जिथे पडत नाही तिथे झिजते. लोहाराच्या उजव्या हाताचे हाड डाव्यापेक्षा भक्कम असते; महिनोन्‌महिने अंतराळात तरंगणाऱ्या माणसाची हाडे विरळ होतात. वसुधाबाईंनी हाच गुण पोलादात आणला होता. जहाजाच्या कवचात त्यांनी डोळ्यांना न दिसणारी अब्जावधी सूक्ष्म यंत्रे सोडली होती. प्रयोगशाळेत सगळे त्यांना लोहमुंग्या म्हणत. कवचाला हादरा बसला की या मुंग्या शांत भागातून लोखंडाचे कण उचलत आणि हादऱ्याच्या जागी नेऊन रचत. एरवी दिवसाला चार-पाच मिलिमीटर. लढाई पेटली की जहाजाची वाचवता येईल ती सगळी वीज त्यांच्याकडे वळवली जाई आणि वेग कित्येक पटींनी वाढे. शत्रू जिथे मारत राही, तिथेच जहाज अभेद्य होत जाई.

चौथ्या क्षेपणास्त्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनखोलीचे प्रमुख भिकाजी तांडेल वसुधाबाईंच्या दाराशी आले. वेंगुर्ल्याचे, पंचावन्नचे, तीस वर्षे समुद्रावर काढलेले. त्यांच्या हातात ओले फडके होते.

“डॉक्टरबाई, भिंत घामेजायला लागलीय.”

“कुठली भिंत, चीफ?”

“माझी. इंजिनखोलीची. बाहेर गार पाणी, आत भट्टी. निघालो तेव्हा ती कोरडी होती. आता पुसून पुसून फडकी संपली. पोलाद पातळ झाल्याशिवाय असं होत नाही.”

वसुधाबाई ध्वनिमापक घेऊन खाली गेल्या. पोलादावर टेकवले की आवाजाच्या प्रतिध्वनीवरून जाडी सांगणारे ते छोटे यंत्र होते. बंदरातून निघताना ती भिंत एकशे दहा मिलिमीटर होती. आता आकडा आला अडुसष्ट.

“बाकीचं गेलं कुठे?” तांडेलांनी विचारले.

“पुढे, डाव्या कुशीला.”

“म्हणजे काल ते क्षेपणास्त्र अडवलं ते माझ्या खोलीतल्या पोलादानं?”

“थोडं तुमच्या, थोडं सगळ्यांच्या. पोलाद तेवढंच आहे, चीफ. ते वाढत नाही, नुसतं जागा बदलतं.”

“आणि पाचवं माझ्याकडे आलं तर?”

कोणत्याही जागी कवच चाळीस मिलिमीटरच्या खाली जाणार नाही अशी मर्यादा त्यांनी घातली होती. पण चाळीस मिलिमीटर लाटा अडवतात. क्षेपणास्त्र अडवत नाहीत.

“माझी अकरा माणसं आहेत इथे,” तांडेल म्हणाले. “शत्रू आम्हाला मारत नाही म्हणून आमची भिंत खंगतेय, असंच ना?”

तांडेलांना या पोलादाच्या विज्ञानातली एकही संज्ञा ठाऊक नव्हती, आणि अस्थिपोलादाचा एकमेव दोष त्यांनी फडक्यावरून ओळखला होता. वसुधाबाईंना त्यांचे कौतुक वाटले. कदाचित त्यामुळेच त्या बोलून गेल्या. “मुंग्यांना क्षेपणास्त्र आणि हातोडा यांतला फरक कळत नाही. इंजिनाची सततची थरथर त्या धरत नाहीत, त्यांना हादरा तेवढा कळतो. लहान असला तरी चालतो, पण पुन्हा पुन्हा हवा. रोज हजारभर ठोके मारा. भिंत भरून येईल.”

एका भिंतीने काय होणार आहे, असा त्यांचा हिशेब होता. उरलेल्या जहाजातून केसाएवढे पोलाद कमी होईल, कुणाला कळणारही नाही.

इंजिनखोलीत आळीपाळीने हातोडे पडू लागले. चार दिवसांत भिंत नव्वदवर आली, घाम थांबला. तांडेलांनी वर येऊन वसुधाबाईंना चहा दिला आणि “तुम्ही केळुसच्या म्हणजे आमच्याच की,” म्हणून गावाकडच्या गप्पा मारल्या.

पण जहाजावर गुपित टिकत नाही. पाचव्या दिवशी तोफखान्यातले ठोकू लागले, सहाव्या दिवशी रडारवाले. आचाऱ्यांकडे हातोडे नव्हते, त्यांनी लाटणी आणि झारे घेतले. सकाळी दहाच्या सुमाराला अख्खे जहाज तांबट आळीसारखे घुमायचे. प्रत्येक जण आपापल्या खोलीची भिंत ठोकत होता. ज्यांचे दंड भरलेले त्यांची भिंत लवकर भरे.

कॅप्टन रियाज इनामदारांनी वसुधाबाईंना बोलावले. ते शांत स्वभावाचे, मोजके बोलणारे होते.

“यानं जहाजाला धोका आहे?”

“जहाजाला नाही. जिथे माणसं आहेत तिथे कवच जाड झालंय. जिथे नाहीत तिथलं पातळ.”

“मग चांगलंच आहे की. कवच माणसांसाठीच असतं.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” म्हणत वसुधाबाईंनी पडद्यावर नकाशा उघडला. कवचाचे जाड भाग गडद दिसत होते, पातळ फिके. इंजिनखोली, तोफखाना, रडार, स्वयंपाकघर, सगळीकडे गडद डाग पडले होते. फिक्या जागा तीनच. रंगाचे कोठार, नांगराच्या साखळीची खोली आणि तिसरी...

“ही कुठली?” कॅप्टननी बोट ठेवले.

“दवाखाना.”

भाजलेले सातही जण तिथे होते. हातोडा उचलण्याची त्यांच्यात ताकद नव्हती, आणि आवाजाचा त्रास नको म्हणून दवाखान्याच्या दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी लावलेली होती. सगळ्या जहाजाने ती पाटी मनापासून पाळली होती. भिंतीची जाडी चव्वेचाळीस मिलिमीटर.

“त्यांना हलवा,” वसुधाबाई म्हणाल्या.

“पाच जणांना हलवता येत नाही. नळ्या लावल्यात. आणि शत्रूच्या नौका दुपारपर्यंत टप्प्यात येतील.” कॅप्टननी घड्याळ पाहिले. “किती वेळ लागेल भिंत भरायला?”

“ठोकून? आठवडा. पण कवचात वीज सोडून मी मुंग्यांना बळेच एका दिशेनं पळवू शकते. अशानं पाच तास पुरतील. फक्त लांबून पोलाद येणार नाही. शेजारच्याच भिंतीतून ओढावं लागेल.”

“शेजारी कोण आहे?”

“दवाखान्याच्या खाली इंजिनखोली आहे.”

कॅप्टननी नकाशा बंद केला. हुकूम देणे त्यांच्या हातात होते. तरी ते म्हणाले, “तांडेलांना विचारा. ते नाही म्हणाले तर मी काय करायचं ते ठरवेन.”

तांडेल तेल पुसत उभे राहिले आणि त्यांनी सगळे ऐकून घेतले. वसुधाबाईंनी काहीही लपवले नाही. भिंत शंभरावर पोचली होती, ती पन्नासच्या आत येणार होती.

“माझी माणसं पायांवर उभी आहेत,” ते अखेर म्हणाले. “पळू शकतात, आग विझवू शकतात. वरचे सात जण पडून आहेत. घ्या, बाई. काय लागेल ते घ्या.”

“नक्की?”

“परत विचारू नका.”

सगळ्या जहाजावर ठोकणे बंद झाले. वसुधाबाईंनी वीज सोडली. पाच तासांत दवाखान्याची भिंत पंचाण्णववर गेली आणि इंजिनखोलीची एकोणपन्नासवर आली.

साडेतीनला लढाई सुरू झाली. शत्रूच्या तीन नौका होत्या. ‘वज्रगड’ने पहिल्या अर्ध्या तासात एक बुडवली. शत्रूने सवयीने डाव्या कुशीवर मारा केला आणि तिथे त्याचे काही चालले नाही. सव्वाचारला दुसरी नौका पेटून बुडाली. तिसरीने पळ काढताना मागे वळून एकच क्षेपणास्त्र सोडले. ते पाण्याला घासत आले आणि इंजिनखोलीच्या भिंतीतून आत गेले.

तांडेलांच्या माणसांनी आग अकरा मिनिटांत विझवली. जहाज थांबले नाही. पण गोविंद शेलटकर आणि इब्राहिम मुजावर हे दोघे त्या भिंतीला लागूनच पंपावर होते. ते गेले.

दवाखान्याच्या भिंतीला काही लागलेच नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे सगळ्या युद्धातही नाही.

संध्याकाळी वसुधाबाई खाली गेल्या तेव्हा तांडेल एका पालथ्या बादलीवर बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

“माझ्यामुळे...” बाईंनी सुरुवात केली.

“नाही, बाई. तुम्ही मला विचारलंत. मी हो म्हटलं. पुन्हा विचारलंत तर पुन्हा हो म्हणेन.” ते थांबले. मग पंपाच्या जागेकडे बघून म्हणाले, “पण त्या दोघांना मी विचारलं नव्हतं. ते काम करत होते. भिंत पन्नासच्या आत आलीय हे त्यांना ठाऊकही नव्हतं.”

‘वज्रगड’ बंदरात परतली तेव्हा धक्क्यावर बँड होता. दोन नौका बुडवून आलेले, नऊ मारे झेललेले जहाज बघायला माणसे लोटली होती. महिन्याभराने वसुधाबाईंना तज्ज्ञ मंडळापुढे बोलावले. मंडळाचे अध्यक्ष प्रसन्न होते.

“डॉक्टर, तुमचं पोलाद उत्तम आहे. बारा नवी जहाजं त्याचीच बांधतोय. फक्त खलाशांची ठोकाठोक नको. पोलाद कुठे किती ठेवायचं ते आधीच ठरवू आणि मुंग्यांना तसं सांगू. खोल्यांचा प्राधान्यक्रम तुम्ही द्या.”

“मी?”

“मग कोण? हे तुमच्याइतकं कुणाला समजतं?”

“म्हणजे शेवटच्या क्रमांकाची खोलीही मीच ठरवायची.”

“पोलाद मर्यादित आहे, असं तुमच्याच अहवालात लिहिलंय,” अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. “कुणीतरी शेवटी येणारच. तुम्ही ठरवलं नाहीत तर दुसरं कुणी ठरवेल, आणि त्याला दवाखाना आठवेलच असं नाही.”

वसुधाबाई तीन आठवडे त्या यादीशी झगडल्या. दवाखाना वर घेतला की इंजिनखोली खाली येई. ती वर घेतली की तोफखाना खाली जाई. प्रत्येक वेळी तळाशी कुणीतरी माणूस उरे. शेवटी त्यांनी एक नियम पक्का केला. चाळीसची मर्यादा सगळ्यांना सारखी; त्यावर खोलीत जितकी माणसे, तितके पोलाद. हुद्दा, वय, उपयोग, काहीही बघायचे नाही. यादी देताना त्यांनी अट घातली की प्रत्येक खोलीच्या दारावर तिच्या भिंतीची जाडी ठळक रंगात लिहिलेली असेल. मंडळाने बरीच कुरकुर करून ती मान्य केली.

पहिले नवे जहाज ‘सिंहकडा’. खलाशी सामान घेऊन चढत होते त्या सकाळी वसुधाबाई शेवटची पाहणी करत होत्या. होकायंत्राच्या लहानशा खोलीपाशी चष्मा लावलेली एक तिशीची तंत्रज्ञ खांद्यावर पिशवी घेऊन उभी होती. छातीवर नाव होते गौतमी खरात.

“मॅडम, हा पंचेचाळीस आकडा कसला? तापमानाचा का?”

“तुमच्या भिंतीची जाडी आहे. मिलिमीटरमध्ये.”

गौतमीने मागे वळून समोरचे दार पाहिले. ते बावीस जणांच्या तोफखान्याचे होते. त्यावर लिहिले होते, एकशे साठ.

“या खोलीत तर मी एकटीच असते,” ती म्हणाली.

“हो,” वसुधाबाई म्हणाल्या. “म्हणूनच.”

गौतमीने आपल्या दारावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग “बरं” म्हणाली, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतले.