हातात द्यायची पत्रिका

छापखान्याच्या दारात दोघांची टक्कर झाली आणि त्याच्या नाकावरचा चष्मा तिच्या हातातल्या कोऱ्या पाकिटांच्या गठ्ठ्यावर येऊन पडला. धंद्याने तो चष्मेवाला, आणि चष्म्याशिवाय त्याला समोरचं दारही धड दिसत नव्हतं. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"हसा, हसा," तो डोळे बारीक करून म्हणाला. "मला कुठे दिसतंय."

तो भावाच्या लग्नाच्या पत्रिका छापून घ्यायला आला होता. छापखाना तिच्या मामाचा, पण मामा नावापुरता. मजकूर तपासण्यापासून गिऱ्हाइकांना दटावण्यापर्यंत सगळा कारभार भाचीचा. घरीदारी तिला बारकी म्हणत. बारकीने लग्नाची तारीख विचारली आणि कपाळाला हात लावला. लग्न महिन्यावर आलेलं, आणि हा गृहस्थ निवांत कागदाचा रंग निवडत होता.

"बाहेरगावच्या पाहुण्यांना एव्हाना पत्रिका पोचायला हव्या होत्या," ती म्हणाली. "त्यांना दोन महिने आधी पाठवायच्या असतात. रजा मागायची, तिकिटं काढायची, मुलांच्या परीक्षा बघायच्या... गावातले काय, आठवडाभर आधी दिली तरी कपडे बदलून येतील."

"आणि अगदी जवळचे?"

"त्यांना सगळ्यात शेवटी. टपालाने नाही हं — स्वतः जाऊन, हातात."

हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. पण एवढं कान देऊन आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मग त्या सगळ्या पत्रिका घाईघाईने छापणं आलं, आणि पाकिटं भरायला रोज संध्याकाळी त्याचं येणं आलं. डिंकाने त्याची बोटं एकमेकांना चिकटायची. ती ओला फडका पुढे करायची, तो मुद्दाम उशिरा घ्यायचा. भावाचं लग्न झालं, भाऊ बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या गावी गेला, तरी याची संध्याकाळची फेरी चुकेना. कधी उरलेली पाकिटं परत करायची असत, कधी मामाचा चष्मा सैल झालाय का ते बघायचं असे. मामाला सगळं समजत होतं. तो आपला सैल नसलेला चष्मा काढून मुकाट्याने त्याच्या हाती देई.

मग त्याला लांबच्या शहरात, डोळ्यांच्या इस्पितळात नोकरी लागली. निघताना तो दारातच घुटमळला.

"आता मीही बाहेरगावचा झालो," तो म्हणाला.

तिला खूप काही बोलायचं होतं. पण तिने नुसता त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा वाळलेला डिंक नखाने खरवडून काढला... आणि तो गेला.

रविवारचे फोन मात्र सुरू राहिले. अशात तिच्या ताईचं लग्न ठरलं. या खेपेस बारकीने कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही. बाहेरगावच्या पत्रिका वेळेआधीच टपालात पडल्या. चष्मेवाल्याच्या भावालाही एक गेली. आई पत्ते लिहीत होती, तिने त्याचाही पत्ता मागितला.

"त्याची राहू दे," बारकी म्हणाली. "त्याला मी हातात देणार आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग गालात हसली. महिनाअखेरीस तो येणार होता. पत्रिका देताना त्याचा चेहरा कसा होईल, हे बारकीने मनात हजारदा पाहून ठेवलं होतं. त्याला घरच्यांमध्ये धरलंय, हे तोंडाने सांगायची तिला लाज वाटायची. पत्रिकाच ते सांगणार होती. म्हणून फोनवर तिने लग्नाचा विषयच टाळला. महिनाअखेरीस इस्पितळातून त्याला सुटी मिळाली नाही. पुढच्याही महिन्यात नाही. फोनवर तो कमी बोलू लागला, आणि ही वेडी मनात म्हणायची, दमत असेल बिचारा.

लग्न तोंडावर आलं तेव्हा तिचा धीर सुटला. तिने फोन करून बोलावलं. तो बरं म्हणाला, पण लग्नाला आला नाही. आला तो दुसऱ्या दिवशी, मांडवातल्या खुर्च्या गाडीत चढत होत्या तेव्हा. हातात प्रवासाची मोठी बॅग होती. इस्पितळाने परदेशात नवी शाखा काढली होती, तिथे तो तीन वर्षांसाठी निघाला होता.

तिने पर्समधून पत्रिका काढली. इतके दिवस बाळगून तिचे कोपरे मऊ पडले होते.

"ही तुझी. हातात द्यायची होती." ती म्हणाली. "तूच ऐकलं होतंस ना... जवळच्यांना शेवटी, हातात."

"बाहेरगावच्यांना आधी, हेही ऐकलं होतं." त्याने पत्रिका घेतली, उघडली मात्र नाही. "मी कुठल्या गठ्ठ्यात, ते कुठे सांगितलंस? दादाला पत्रिका आली. मी रोज खोलीवर येऊन दाराखाली बघत होतो."

"मग मला विचारायचंस."

"आमंत्रण काय मागून घ्यायचं असतं?"

तिने उघडी राहिलेली पर्स बंद केली.

"परदेशी कोण जाईल, असं त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायला आठ दिवस मागून घेतले," तो हळूच म्हणाला. "तेवढ्यात पत्रिका आली असती तर नाही म्हणणार होतो."

"आता नाही म्हण ना."

त्याने चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिला.

"तुझ्याशिवाय राहायची सवय करून घेतली गं मी. फार जड गेलं. आता पुन्हा... भीती वाटते."

तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि ते तिने तिथेच, खुर्च्यांच्या खडखडाटात, पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. पण बॅग त्याने खाली ठेवली नाही.

पुढच्या आठवड्यात एक मुलगी छापखान्यात आली, स्वतःच्याच लग्नाच्या पत्रिका न्यायला. बारकीने नेहमीप्रमाणे गठ्ठे वेगळे करून दिले. एक पत्रिका मात्र मुलीने बाजूला काढली. जिवाभावाची मैत्रीण आहे, लांब राहते, तिला मी जाऊनच देणार, असं ती लाजत म्हणाली.

बारकीने ती पत्रिका पाकिटात घातली, पाकिटावर पेन ठेवलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

"पत्ता लिहा," ती म्हणाली. "ही आजच जाऊ दे."