दसऱ्याचे वस्त्र

गायत्रीने हेमराजला पहिल्यांदा पाहिले ते पायांकडून. मिलच्या कॉम्प्युटर खोलीत टेबलाखालून दोन पायमोजे बाहेर आले होते, एकाचा अंगठा फाटलेला. आतून आवाज आला, "किसनभाऊ, टॉर्च जरा डावीकडे धरा ना."

किसन, मिलचा शिपाई, टॉर्च तिथेच ठेवून चहाला गेला होता. गायत्रीने ती उचलली आणि डावीकडे धरली.

"शाब्बास. आज हात थरथरत नाही तुमचा. तंबाखू सोडली का?"

"सुरूच केली नव्हती," ती म्हणाली.

टेबलाला डोके आपटल्याचा आवाज झाला.

सत्त्याण्णव सालचा परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. गुजराती शेठच्या उधन्याच्या त्या मिलमध्ये पॉलिस्टरच्या साड्या छापत. बिले आणि रंगांची मापे एका जुन्या सर्व्हरवर असत, आणि ते सांभाळणे हे गायत्रीचे काम. बनवणाऱ्या कंपनीने ते मशीन केव्हाच वाऱ्यावर सोडले होते. सुटे भागही मिळत नव्हते. एक बिल मागितले की ते पडद्यावर येईपर्यंत तिचा अर्धा डबा खाऊन होई. शेठ नवे मशीन घ्यायला निघाले होते. नवागामला एका खोलीत दुरुस्तीचे दुकान चालवणारा हेमराज म्हणाला होता, "मशीन नका बदलू शेठ. नुसता प्रोसेसर बदलू."

शेठनी अट घातली. दिवाळीची गर्दी या मशीनने निभावली तर मिलचे सगळे कॉम्प्युटर सांभाळायला हेमराजकडे. नाहीतर मुंबईची मोठी कंपनी.

प्रोसेसरची नवी चिप त्याने तळहातावर धरून दाखवली. तिच्या पाठीवर चिमुकला पंखा होता. जुनीला नव्हता.

"हिला पंखा कशाला?"

"ही धावणार, तर तापणार ना. जुनी बसूनच असायची. बसलेल्याला कुठला घाम?"

"मग तुम्हाला का आलाय?"

"तुम्ही टॉर्च... फार जवळ धरलीय."

चिपचा कापलेला कोपरा सॉकेटच्या कोपऱ्याशी जुळवून त्याने ती अलगद बसवली. मशीन सुरू झाले. गायत्रीने बिल मागितले आणि डबा उघडायच्या आत ते पडद्यावर आले. दोघेही एकमेकांकडे न बघता हसले.

त्यानंतर तो रोज येऊ लागला.

"आज काय बिघडलं?"

"काही नाही. पंखा ऐकायला आलो."

"झाला ऐकून?"

"पंखा झाला. तुम्ही अजून बोलला नाहीत."

गायत्रीचे वडील बळीराम धुळ्याकडून येऊन लूमवर माग दुरुस्त करणारे जॉबर झाले होते. त्यांच्या कानावर गेलेच. "पोऱ्या चांगला शे," ते म्हणाले. "पन आठे टिकी का?" हेमराजचा मामेभाऊ त्याला मस्कतला बोलावत होता, हे त्यांना ठाऊक होते; तो इथे टिकेल का, हीच शंका.

"दिवाळी होऊ द्या," हेमराज तिला म्हणाला. "मग घरी येतो. काकांशी बोलायला."

"कशाबद्दल?"

"मिलबद्दल... आणि थोडं मिलबाहेरचं."

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असे. छपाईच्या ताज्या थानातून लाल कापड फाडायचे आणि प्रत्येक यंत्राला वस्त्र चढवायचे, हा तिथला रिवाज. सर्व्हरला ते दरवर्षी गायत्रीच चढवी. तिने कापड चारी बाजूंनी ओढून घेतले, कडा नीट खोचल्या, वर झेंडूची माळ ठेवली. हेमराज आपट्याची पाने घेऊन दाराला टेकून उभा होता.

"सोनं घ्या," तो म्हणाला.

"पुढे काय म्हणतात?"

"सोन्यासारखं राहा."

"एवढंच?"

"बाकीचं दिवाळीनंतर."

दिवाळीआधीची परीक्षा म्हणून मशीन बंद करायचे नाही, सुट्टीतही न थांबता चालले पाहिजे, असे त्याने सांगून ठेवले होते. तिने खोलीला कुलूप लावले.

सुट्टीनंतर दार उघडताच जळका वास आला. वस्त्राची एक घडीसुद्धा विसकटली नव्हती. हात लावायच्या आधीच गायत्रीला सगळे समजले. पॉलिस्टर हवा सोडत नाही. हा धागा तिने बी.एस्सी.ला वर्षभर अभ्यासला होता. जुन्या चिपचे वस्त्राखाली काही अडले नव्हते. नवीचा पंखा मात्र तीच कोंडलेली हवा फिरवत राहिला, आणि थांबला. चिपबरोबर खालचा बोर्ड गेला होता, आणि तो बोर्ड आता कुठेच मिळत नव्हता.

शेठ आणि पाठोपाठ हेमराज आले तेव्हा तीच आधी बोलली. "चूक माझी आहे. कापडाने हवा कोंडली."

"बेन, दर वरसे चढावीए छीए," शेठ शांतपणे म्हणाले. "आज सुधी कंई थयुं?"

भोवतीच्या कारागिरांनी माना डोलावल्या; आजवर खरेच काही झाले नव्हते. पूजेच्या वस्त्राने यंत्र जळते, असे त्या मिलमध्ये कोण मानणार? शेठनी एकदा तिच्याकडे, एकदा हेमराजकडे बघितले आणि ही त्याला वाचवते आहे असे समजून किंचित हसले. ते हसणे तिला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

हेमराजने लाल कापड उचलून त्याची घडी घातली. "कापडाचा दोष नाही शेठ. माझं काम कच्चं होतं."

जिन्यात तिने त्याला गाठले.

"खोटं का बोललात?"

"खरं तुम्ही सांगितलंत की. मानलं कोणी?"

"पण मी कडा खोचत होते तेव्हा तुम्ही दारातच होता. पंखा तुम्हीच बसवलेला. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

तो कठड्यावरचा रंगाचा डाग खरवडू लागला.

"मी कापडाकडे बघत नव्हतो, गायत्री."

त्याने तिला प्रथमच नावाने हाक मारली. दिवाळीनंतर करायचे ते बोलणे दिवाळीआधीच, जिन्यात, संपले.

"थांब म्हणू का तुला?" त्याने विचारले, आणि तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच मान हलवली. "नाही... कशाच्या जोरावर म्हणू?"

दिवाळीच्या आधीच तो मस्कतला गेला. मुंबईच्या कंपनीने नवा सर्व्हर आणून बसवला.  बळीराम जेवताना लेकीच्या ताटात न मागता एक भाकरी जास्त वाढू लागले.

पुढच्या दसऱ्याला किसनने लाल कापड आणून दिले. गायत्रीने ते नव्या सर्व्हरच्या माथ्यावर ठेवले. हवेच्या जाळ्या मोकळ्या सोडल्या.

"पूर्ण चढवा की ताई. असं अर्धंच काय?"

"असंच चढवायचं असतं," ती म्हणाली, आणि तिने वळून बघितले.

दारात उभा असलेला किसन कापडाकडेच बघत होता.