चार बोटं सूर्य

कासराभर वर

मागून धपधप पावलं वाजली, आणि शंभूराजला वाटलं, कुत्रं लागलं पाठीमागं.

कुत्रं नव्हतं. पाठीवर कॉलेजची सॅक, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायात साध्या चपला... आणि ती पोरगी त्याच्या शेजारून अशी निघून गेली, जणू तो रस्त्याकडेची बाभळ होता.

शंभूराज खंडाळ्याचा. सैन्यभरतीला वयाची ही शेवटची संधी. हायवेच्या ट्रकांत सराव जमेना, म्हणून कवठे महांकाळला आत्याकडं येऊन राहिलेला. पायात महागाचे बूट. आणि तरीही —

जीव खाऊन पळत त्यानं तिला विहिरीच्या वळणावर गाठलं.

"कोण लागलंय तुमच्या मागं?" धापा टाकत त्यानं विचारलं.

"मागं न्हाई. म्होरं हाय." न थांबता तिनं मावळतीकडं बोट केलं. "त्यो बुडायच्या आत जेवायचं आसतंय. बस लेट आली."

तो वाकून गुडघे धरून उभा राहिला. ती गेलीसुद्धा.

ब्राह्मी. मळ्यातल्या धन्यकुमारांची लेक. जैनांचं घर, दिवस मावळला की जेवण नाही. एस्टीच्या थांब्यापासून मळा लांब. शाळेपासून ती रोज सूर्याशी शर्यत लावत आली होती, आणि ही शर्यत आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

वीतभर

तो रोज थांब्यावर बसची वाट बघू लागला.

"भरती मैदानावर हाय का एस्टीत रं?" आत्यानं विचारलं. त्यानं बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती.

"तुमी पयल्यालाच सगळं उधळताय," ब्राह्मी एकदा पळता पळता म्हणाली. "म्हनून विहिरीपाशी मोडताय."

"मग कसं पळायचं?"

"त्यो कासराभर वर आसला, की मी गप पळती. गप्पा मारत. वीतभर आला, की टांगा लांब. आन् चार बोटं ऱ्हायला..." तिनं हात लांब करून चार बोटं आडवी धरली. खाली डोंगर, वर सूर्य, मधे तिची बोटं, कडांना तांबूस उजळलेली. शंभूराज दमला नव्हता, तरी श्वास अडकला.

"की काय?"

"की कुनाला बघायचं न्हाई."

"मला बी?"

"तुमाला तर आजिबात न्हाई."

पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

उगवता

भरतीचं मैदान. सोळाशे मीटर. शिट्टी झाली आणि पोरं उधळली. शंभूराज मागं.

"दमला का गड्या?" कुणीतरी शेजारून टोमणा टाकून गेला.

आज हुकलं तर पुन्हा नाही. तरी तो गप पळत राहिला. पूर्वेला सूर्य वर येत होता; त्याच्या डोळ्यांपुढं मात्र दुसराच सूर्य उतरत होता. कासराभर... वीतभर...

शेवटच्या फेरीला — चार बोटं.

त्यानं कुणाला बघितलं नाही. पुढची पोरं एकेक करून बाभळी झाली.

चार बोटं

निवड झाल्याचं कळलं, त्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो थांब्यावर उभा. परवा ट्रेनिंगला निघायचं होतं. बस नेमकी उशिरा आली.

"झालं," तो म्हणाला.

ती निघाली... चालत.

"आवं, चार बोटं ऱ्हायलाय."

"दिसतंय मला."

"पळायला पायजे."

"पळा की. आता सरकारच पळवनार हाय तुमाला."

तो तिच्या पावलाला पाऊल लावून चालू लागला. तीन बोटं. दोन. विहीर आली. सूर्य डोंगराला टेकला. जिनं त्या सूर्याला एकदाही जिंकू दिलं नव्हतं, ती बाभळीची शेंग खुळखुळवत सावकाश चालली होती.

"ब्राह्मी... जेवण?"

"आज उपास."

"कसला?"

ती दुसरीकडं बघत म्हणाली, "पळालं की ह्यो रस्ता लय लवकर सपतोय."

नाही

सूर्य गेला. शंभूराजनं बॉक्स उघडून पेढा तिच्यापुढं धरला, आणि मग त्याचा हात तिथंच थिजला.

ती हसली. त्याच्या बोटांतला पेढा काढून तिनं परत बॉक्समध्ये ठेवला, झाकण लावलं.

"उद्या द्या. उजाडल्यावर, घरी येऊन. आईम्होरं."

"आन् त्यांनी इचारलं, कोन तुमी? तर?"

"सांगा, हिच्या मागं लागलोय."

"मागं न्हाई," तो म्हणाला. "बरोबर."

त्या रात्री आत्यानं वाढलेलं ताट त्यानं हळूच बाजूला सरकवलं.

"बरं न्हाई का रं?"

"हाय की. आता दिस उगवल्यावर."