पद्मनाभरावांचा पाळणा

तुला सांगते, पेन ड्राइव्ह खिशात टाकून मी जिना उतरले तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की चला, फुकटची फिल्टर कॉफी मिळेल. चेन्नईत नुंगंबाक्कमला मी वरच्या मजल्यावर राहायचे आणि खाली घरमालकीण अलमेलूअम्मा. तंजावरकडचं मराठी घर. मी सांगलीची. माझं मराठी त्यांना बातम्यांसारखं वाटायचं, आणि त्यांचं ऐकताना मला वाटायचं, कुणीतरी फार लांबून, फार जुन्या काळातून बोलतंय.

अम्मांचे यजमान पद्मनाभराव नातीचं तोंड न बघताच गेले. येणाऱ्या बाळासाठीच पाळणा गात होते, लॅपटॉपवर रेकॉर्ड करत होते, आणि गाता गाताच त्यांनी मान टाकली. त्या गडबडीत कुणीतरी लॅपटॉप मिटला. तेव्हापासून तो उघडला की पासवर्ड मागायचा, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबरच गेलेला. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळणा त्यांच्याच आवाजात वाजला पाहिजे, असा अम्मांनी हट्ट धरला होता.

"होईल की गं, अदिती?"

"अम्मा, हातचा मळ आहे!" मी म्हटलं. शहाणी ना मी!

दुपारची वेळ. समुद्रावरचा वारा अजून यायचा होता. पडदे ओढलेले, कोपऱ्यात कोमेजत चाललेल्या मोगऱ्याचा वास, आणि आतल्या खोलीत अम्मांची मुलगी रंजनी बाळाला थोपटत होती. त्या थापेच्या ठेक्यावर सगळं घरच पेंगत होतं. माझेही डोळे मिटायला लागले होते.

मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. म्हणजे कसं, घराला पुढून कुलूप असलं की आपण शेजारच्या गच्चीवरून आत उतरतो ना, तसं. पद्मनाभरावांचं विंडोज बंदच राहतं. आपण दुसऱ्या सिस्टिममधून त्यांच्या डिस्कमध्ये शिरायचं, पासवर्ड पुसायचा, बाहेर पडायचं. पण डिस्क उघडली ती नुसती वाचण्यापुरती. काही लिहूच देईना. स्क्रीनवर आलं, विंडोज झोपेत आहे.

मग माझ्या लक्षात आलं. लॅपटॉप मिटला तेव्हा जे जे उघडं होतं ते सगळं जसंच्या तसं गोठून राहिलं होतं. सेव्ह न केलेला पाळणाही त्यातच. पासवर्ड पुसायचा तर आधी ती झोप पुसायला हवी, आणि झोप पुसली की पाळणा गेला. मी कमांड टाइप केली, एंटरवर बोट ठेवलं, आणि माझा धीरच होईना. अम्मांना सगळं सांगितलं.

त्यांनी लॅपटॉपवर हलकेच हात ठेवला. "म्हणजे ते आत... अजून गातांत?"

"तसं नाही हो अम्मा. मशीन आहे ते..."

"मग पुसूं नको, कण्णा." लाडाने त्या मला कण्णाच म्हणायच्या. "निजल्या माणसाला असं करूं नये."

"पण उद्याचं बारसं?"

"ऱ्हाऊ दे." त्यांनी पदराने डोळे टिपले. मला इतकं वाईट वाटलं! कमांड खोडली आणि जुनी काही रेकॉर्डिंग तरी मिळतील म्हणून फोल्डर उघडलं.

त्यात एक फाईल होती. मघाशी डिस्क चाळली तेव्हा नव्हती, आईशप्पथ नव्हती. वेळ आत्ताची. ज्या डिस्कवर मलाच एक अक्षर लिहिता येत नव्हतं, तिच्यावर ही लिहिली कुणी? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अम्मा माझ्याकडेच बघत होत्या. मी ती लावली.

आधी पंख्याची घरघर. मग थोपटण्याचा आवाज. मग माझाच आवाज, "हातचा मळ आहे!" आणि कुणीतरी अगदी जवळ, माइकपाशी, खाकरलं.

मग पाळणा सुरू झाला. म्हातारा, मऊ, जरासा घोगरा आवाज. कडव्यामागून कडवं येत होतं आणि खोलीतला उजेड पाण्यात शिरल्यासारखा हिरवट वाटायला लागला होता. मला उठायचं होतं, उठवेना. शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव घालायचं असतं. तिथे तो आवाज थांबला, आणि त्याच्या शेजारून एका बाईने नाव गायलं. संयुक्ता.

रंजनी दारात येऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अम्मा... हे नाव मी कोणालाच सांगटलं नाही. ह्यांनाही नाही..."

अम्मांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, मी अगदी समोरच बसले होते ना. आणि लॅपटॉपमधून दोघांचे आवाज एकात एक मिसळून येत होते. बाईचा आवाज मी रोज ऐकत होते. सकाळी दारात कोलमची रांगोळी काढताना, दूधवाल्याशी वाद घालताना.

जो जो विरत गेलं. अम्मा हळूच माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर नव्या नवरीची लाज.

"माझा आवाज," त्यांनी विचारलं, "थकलेला नाही ना गं वाटला?"