भट्टीटोलीची धुतलेली फडकी

माझी धाकटी बहीण चिऊ दीड वर्षापासून आत्याकडे राहते. आमच्या भट्टीटोलीत तिची छाती दाटते, धाप लागते, म्हणून डॉक्टरांनी तिला इथे ठेवू नका असं सांगितलंय. रोज संध्याकाळी ती भिंतीवरच्या पडद्यावर येते. आधी आमच्या शहराचा हवाफलक बघते आणि मग मला एकच प्रश्न विचारते.

"किमाताई, आजबी हिरवं हाय. मंग मले घरी काहून नाही आणत?"

हिरवा म्हणजे हवा चांगली. पण आमच्या दोरीवरचे कपडे तर संध्याकाळपर्यंत काळपट होतात. दोन्ही खरं कसं असेल? आम्हालाच ती नकोय, असं चिऊला वाटू लागलं होतं. ती तसं बोलली नाही, तरी मला कळायचं. पडदा बंद झाला की मी तिची उशी घेऊन बसायचे. फार आठवण यायची तिची.

शेवटी मी वामनला गाठलं. वामन म्हणजे आमच्या शाळेचा यंत्रमानव. उंची माझ्या कमरेएवढी, आणि उत्तराऐवजी प्रश्न विचारायची भारी खोड.

"फलकाचं यंत्र कुठे बसवलं आहे?"

"कारखान्याच्या साहेबांच्या कॉलनीत, पाण्याच्या टाकीवर."

"आणि वारा बहुतेक कुठून येतो?"

"कॉलनीकडून कारखान्याकडे. तिथून धूर घेऊन आमच्याकडे."

"मग यंत्र खोटं बोलत नाही," वामन म्हणाला. "ते कॉलनीची हवा मोजतं, फक्त नाव साऱ्या शहराचं लागतं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सारखा शिजला असेल तरच. वरचा भात मोकळा आणि तळाचा करपलेला असेल, तर नमुना (तपासायला घेतलेला थोडा भाग) दोन्हीकडून घ्यावा लागतो."

कारखान्याला आणखी एक धुराडं हवं होतं आणि त्यावर जनसुनावणी (लोकांचं म्हणणं ऐकायची सरकारी सभा) होणार होती. तिथे काहीतरी दाखवायला हवं होतं. वामनच्या सांगण्यावरून मी कापडाच्या एकाच थानातून चाळीस पांढरी फडकी कापली. वीस कॉलनीत दिली, वीस टोलीत. आठ दिवस उघड्यावर टांगायची. बाकी सगळं सारखं ठेवलं की उरतो तो फरक हवेचा.

"मात्र एक लक्षात ठेव," वामन म्हणाला. "फडक्यावर दिसेल ती जाड काजळी. चिऊच्या छातीत जातात ते सूक्ष्म धूलिकण (केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे). ते मोजायला यंत्रच लागेल. यंत्र कुठे हवं, एवढं फडकी सांगतील."

नवव्या दिवशी मी फडकी गोळा केली. कॉलनीतली जवळपास पांढरीच होती. टोलीतली त्याहून पांढरी निघाली! स्वच्छ धुतलेली, काहींना तर इस्त्रीसुद्धा.

"यमुनाकाकू, धुतलं काहून?" मी शेजारच्या काकूंना विचारलं.

"मंग काय शाळेत मळकं फडकं देऊ? लोकं काय म्हणतीन? तीनदा घासलं तवा कुठं निघालं, माय."

सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती. मी शाळेच्या पायरीवर बसून पोटभर रडले.

"धुतलेलं फडकं काजळीचा पुरावा होत नाही," वामन म्हणाला. "ते लपवायचं नाही. पण धुतली किती, हे मोजता येतं."

कॉलनीतली वीसपैकी एकही नाही. टोलीतली वीसच्या वीस.

सुनावणीत मी घडलं तसं सांगितलं, चुकीसकट. कारखान्याचे साहेब हसले आणि म्हणाले, हा कसला प्रयोग? अधिकारी बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आमच्या बायांना विचारलं, "का धुतलीत?"

यमुनाकाकू उभ्या राहिल्या. सभेत बोलायची त्यांची पहिलीच वेळ होती.

"मळलं म्हणून धुतलं, बाई. आमी रोजच धुतो. लेकराईची छाती धुता येत नाही, म्हणून इथं आलो."

मग एकेक करत सगळ्याच बाया उठल्या. बाईंनी आदेश लिहिला की टोलीत यंत्र बसवा, आणि तिथली मोजणी झाल्याशिवाय नवं धुराडं नाही.

पंधरा दिवसांनी यमुनाकाकूंच्या छपरावर यंत्र बसलं. संध्याकाळी हवाफलकावर एकाऐवजी दोन चौकोन आले. कॉलनी हिरवी, भट्टीटोली लाल. टोलीतली माणसं कितीतरी वेळ त्या लाल रंगाकडे बघत उभी होती.

चिऊ पडद्यावर आली. नेहमीसारखा तिने आधी फलक बघितला.

"लाल हाय, किमाताई."

"हो गं."

"म्हंजे तुमी मले मुद्दाम इथं नव्हतं ठेवलं."

"नाही गं, मुद्दाम नाही," मी म्हटलं. मग तिला सांगितलं, की आता धुराड्याला गाळणी (धुरातली धूळ धरून ठेवणारं यंत्र) लावा म्हणून टोली कारखान्याच्या मागे लागली आहे. वामनच्या हिशेबाने दोन वर्षं लागतील. बाया म्हणतात, एका वर्षात लावून घेऊ.

चिऊने बोटांवर महिने मोजले. परत मोजले.

"मंग मी उद्यापासून कॉलनीचा नाही पाहत," ती म्हणाली. "आपलाच चौकोन पाहीन."