सुवर्णाचे शेजारी

मंगळावरच्या शेतघुमटात काढणीचे आकडे पडद्यावर उमटले आणि डॉ. उत्तरा मोकाशीचं जुनी पोटदुखी जरा निवली. तिचा ‘सुवर्णा’ गहू पहिला आला होता. हेमलता सबनीसचा ‘कवच’ मागे पडला होता. दोघी एकाच गुरूच्या विद्यार्थिनी; पण शाबासकी नेहमी हेमाच्या पाठीवर पडायची आणि उत्तराला ती आजवर पचली नव्हती.

तांबेरा रोग कुणाच्या तरी कपड्यांतून पृथ्वीवरून इथवर आला होता. रोग असताना कोणता वाण जास्त पिकतो हे पाहायला दोन्ही गहू एकाआड एक ओळींत पेरले होते.

“आता अख्ख्या घुमटात सुवर्णाच,” वसाहतप्रमुख कारखानीस म्हणाले.

“थांबा,” हेमा म्हणाली. “कवचची ताकद रोगाशी लढण्यात जाते, म्हणून दाणा कमी. पण त्याच्या पानावर पडलेला तांबेऱ्याचा बीजाणू तिथंच मरतो. सुवर्णाच्या पानावर तो लाखांनी वाढतो. शेजारी कवच होता म्हणून सुवर्णा वाचला.”

“कोल्ह्याला द्राक्षं आंबट!” उत्तरा फटकन बोलली. “हरलीस तर मान्य कर ना गं!”

खरं तर हेमाचा मुद्दा तिला तेव्हाच पटला होता. पण आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला विजय वाटून घ्यायला तिचा जीव होईना.

सगळीकडे सुवर्णा पेरला गेला. ओंब्या भरायच्या आतच पानांवर नारिंगी भुकटी धरली आणि बघता बघता घुमट करपला. वसाहतीत पोळी अर्ध्यावर आली. लहान पोरं भुकेनं किरकिरू लागली.

उत्तरा मान खाली घालून हेमाच्या दारात गेली, टोमणे ऐकायच्या तयारीनंच.

“ये,” हेमा म्हणाली. “दोन्ही वाणांचं बियाणं थंडघरात राखून ठेवलंय मी. पुन्हा एकाआड एक पेरू.”

“चूक माझी होती, हे मी सगळ्यांना सांगते.”

“सांग. पण आकडे पुन्हा तुझेच वर येतील, बघ. माझा गहू झिजणार, तुझा भरणार. गणितच तसं आहे.”

उत्तरानं सांगितलं, पण भरल्या ताटापुढे कबुलीजबाब कोण लक्षात ठेवतो? पुढच्या काढणीला सुवर्णा पुन्हा पहिला आला आणि लोकांनी तिला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मागे उभी राहून हेमा टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. उत्तराला आता तिच्या हरण्याचाही हेवा वाटू लागला.