प्रितमची उलटी पावलं

डोळे मिटा बरं... आणि समजा, तुमचे कान पाण्याखाली आहेत. सगळा गलका विरघळलाय. समोर शिकवणाऱ्याचे नुसते ओठ हलताहेत. आता सांगा, तो काय म्हणतोय?

दादरच्या तरणतलावात लालबागची मेघना रोज हेच कोडं सोडवत होती. सात वर्षांच्या भाचीला, अनुजाला, सोबत म्हणून ती आली आणि प्रितमसरांनी तिलाही पाण्यात उतरवलं. प्रितम मच्छीमार नगरचा कोळी. बोलायचा कमी, शिकवायचा हातांनी. पहिल्याच दिवशी तो तिच्याकडे बघून हसला... ते हसू मेघना घरी घेऊन गेली.

पण ती हातपाय मारत जवळ पोहोचली, की हा मागे सरायचा! शिवाय तळवा खाली दाबत राहायचा — नको, नको, तिथेच थांब. मेघनाला तरी तसंच वाटायचं. मग ती मध्येच उभी राहायची, नाकात पाणी घेऊन.

आज काठावर टॉवेल गुंडाळत ती म्हणाली, “सर, उद्यापासून अनुजाला तिची आईच आणेल.”

“आणि तुम्ही?”

“मी जवळ आलेलं तुम्हाला आवडत नाही. कळतं मला.”

“कोणी सांगितलं असं?”

“तुमच्या हातानं! तळवा काय दाखवता, मागे काय सरता...”

प्रितम आधी चक्रावला, मग हसतच सुटला. “अवो, होडी धक्क्याला लागताना माझे बाबा असाच हात करतात. हळू, सावकाश ये... बरोबर येतेस!”

“आणि मागे सरणं?”

“मी थांबलो असतो, तर तुम्हीपण तिथंच थांबला असता.” तो घुटमळला. “आणि... खरं सांगू? तुम्ही जवळ आलात, की मला शिकवायचं सुचत नाही.”

अनुजानं पाण्यातून डोकं वर काढलं. “मावशी, सर मागे गेले की समजायचं, आपल्याला जमतंय! एवढं पण कळत नाही?”

“मग सांगितलं का नाहीस गं?”

“तू विचारलंस कुठे?”

मेघनानं टॉवेल बाकावर टाकला आणि ती पाण्यात उतरली. प्रितम समोर जाऊन उभा राहिला. ती पोहत आली... अजून जवळ आली... तो जागचा हलला नाही.

“आता काय करू, सर?” ती धापा टाकत म्हणाली.

“आता... ‘सर’ म्हणू नका.”

अनुजानं दोघांकडे पाहिलं, गॉगल डोळ्यांवर ओढला, भिंतीला पाय लावून जोर दिला आणि उथळ पाण्यातून एकटीच पलीकडच्या काठाकडे निघाली.